लिंबूवर्गीय वृक्षांचे व्याधिक्षमत्व : ग्रीनिंग रोगात प्रथिनांच्या पातळीवर काय घडते?

प्रस्तावना

निंबू, जंबीर, मातुलुंग व नारंग ही द्रव्ये आपल्या नित्य व्यवहारातील आहेत. हिंगुळाचे शोधन, शंखाचे स्वेदन, शंखवटीची भावना यांपैकी काहीही निंबूस्वरसावाचून होत नाही. असे असूनही ज्या झाडापासून हा स्वरस मिळतो त्या झाडाच्या आरोग्याचा विचार आपण क्वचितच करतो. फळ बाजारातून येते, रस काढला जातो आणि चोथा टाकून दिला जातो. झाड रोगी होते की निरोगी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आम्हीही तो विचारीत नव्हतो. आमचे चिकित्सालय विदर्भातील संत्रापट्ट्यात असल्याने रुग्णांमध्ये बागायतदार पुष्कळ आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या एका रुग्णाने बागेतील पिवळी पडलेली पाने दाखविण्यास आणली व "डॉक्टर, हे काय असावे?" असे विचारले. पाने पाहून आम्ही जस्ताची उणीव असावी असे सांगून मोकळे झालो. त्यांनी दोन हंगाम जस्ताच्या फवारण्या केल्या. पाने थोडी सुधारल्यासारखी वाटली, पुन्हा पिवळी पडली, शेंडे वाळू लागले. तिसऱ्या वर्षी तपासणीत ग्रीनिंगचे निदान झाले, तोवर रोग शेजारच्या ओळींत पसरला होता. ती झाडे काढावी लागली. रुग्णांच्या बाबतीत एका लक्षणावरून निदान करू नये असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. झाडाच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले. त्या चुकीमुळे या विषयाचे वाचन घडले, त्याचे सार या लेखात वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहोत.

रोगाचा पूर्वेतिहास

या रोगास चिनी भाषेत हुआंगलाँगबिंग असे नाव असून १९९५ पासून तेच आंतरराष्ट्रीय व्यवहारात मान्य झाले आहे. आपल्याकडे ग्रीनिंग हे दक्षिण आफ्रिकेतून आलेले नाव रूढ आहे. फळाचा खालचा भाग पिकूनही हिरवाच राहतो, त्यावरून ते पडले. हा रोग कलमातून पसरतो, हे चीनमधील लिन कुंग-शियांग यांनी १९५६ साली दाखवून दिले. 'सिट्रस सिला' हा लहानसा रसशोषक कीटक भारतात या रोगाचा वाहक आहे, हे पुण्यातील कपूर, राव व विश्वनाथ या संशोधकांनी १९६७ साली सिद्ध केले. या विषयातील एक पायाभूत कार्य आपल्या महाराष्ट्रात झाले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पुढे १९७० मध्ये फ्रान्समधील लाफ्लेश व बोव्हे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक जंतू रसवाहिनीत पाहिला.

या जंतूचे नाव कॅन्डिडेटस लायबेरिबॅक्टर एशियाटिकस. प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यात त्याची शुद्ध स्वरूपात टिकाऊ वाढ करता न आल्याने नावाआधी 'कॅन्डिडेटस' ही उपाधी लागते. २००९ साली त्याची संपूर्ण जनुकसंहिता वाचली गेली, ती अवघी सुमारे बारा लाख अक्षरांची आहे. एवढ्याशा जंतूचे सामर्थ्य किती असावे? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा रोग २००५ साली आढळला. तेथे २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी २० लक्ष पेट्या निघत असत. २०२२-२३ मध्ये चक्रीवादळाचीही भर पडून ही संख्या सुमारे १ कोटी ५८ लक्षांवर आली.

प्रथिनांचा अभ्यास म्हणजे काय?

पेशीतील जनुके हा एक प्रकारे योगांचा ग्रंथ होय. त्यातील प्रत्येक योग सदैव तयार केला जात नाही. कोणत्या वेळी काय तयार झाले व किती तयार झाले, हे प्रथिनांवरून कळते. ग्रंथ वाचून फार्मसीत आज कोणती औषधे शिल्लक आहेत हे समजत नाही, त्यासाठी कपाट उघडूनच पाहावे लागते. पेशीतील सर्व प्रथिनांच्या अशा एकत्रित मोजदादीस प्रोटिओमिक्स म्हणतात.

पद्धती थोडक्यात अशी. निरोगी व रोगी पानांतून प्रथिने काढून घेतात. जेलवर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने, प्रथम विद्युत्‌भारानुसार व नंतर वजनानुसार, ती विलग करतात. प्रत्येक प्रथिनाचा एक ठिपका उमटतो. दोन्ही जेलांतील ठिपके ताडून जे गडद झाले वा फिके झाले ते वेचतात आणि वस्तुमानमापक यंत्राने त्यांची ओळख पटवितात. अलीकडे जेलऐवजी रासायनिक खुणा जोडून एकाच वेळी शेकडो प्रथिनांची तुलना करता येते. मोसंबी, ग्रेपफ्रूट व लेमन या तिन्हींवर असे अभ्यास झालेले आहेत.

रोगी पानातील प्रथिने

या अभ्यासांतून एक सुसंगत चित्र उभे राहते. त्याचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग ऱ्हासाचा. प्रकाशसंश्लेषणाशी संबंधित प्रथिने रोगी पानात घटतात. पान पिवळे पडण्याचे हे एक प्रत्यक्ष कारण होय.

दुसरा भाग संचयाचा. स्टार्च तयार करणारी विकरे वाढतात आणि पानात स्टार्चचे ढीग साचतात. प्रकाशसंश्लेषण घटलेले असताना स्टार्च वाढावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु त्याचे कारण वहनाच्या मार्गात आहे. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीवाटे मुळांकडे व फळांकडे जाते. ही वाहिनी म्हणजे एकाला एक जोडलेल्या नळीसारख्या पेशी असून दोन पेशींमध्ये चाळणीप्रमाणे छिद्रे असलेला पडदा असतो. रोग झाल्यावर झाड या छिद्रांभोवती कॅलोज नावाचे शर्करामय द्रव्य व पीपी-२ नावाचे प्रथिन जमा करू लागते. छिद्रे बुजतात, साखर पुढे सरकत नाही आणि पानातच स्टार्चच्या रूपाने अडकून पडते. पानात साठा आणि मुळात उपासमार, अशी ही अवस्था होय. तंतुमुळे मरतात आणि मग शेंडे वाळतात.

तिसरा भाग प्रतिकाराचा. यात कायटिनेज, कॉपर-झिंक सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, लायपॉक्सिजनेज व मिरॅक्युलिनसदृश प्रथिने प्रामुख्याने वाढलेली आढळतात. यांतील प्रत्येकाचे कार्य पाहण्यासारखे आहे. कायटिनेज हे विकर कायटिनचे विघटन करते. कायटिन बुरशीच्या व कीटकांच्या कवचात असते, या जंतूच्या आवरणात ते नसतेच. म्हणजे झाड शत्रू ओळखून नेमके शस्त्र काढीत नाही. धोक्याची घंटा वाजताच कोठारातील सर्व शस्त्रे बाहेर काढली जातात, त्यातलेच हे एक. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचे शमन करण्याच्या पहिल्या पायरीवर काम करते. त्याचे वाढणे हे पेशीत असे रेणू उत्पन्न होत असल्याचे चिन्ह होय. मिरॅक्युलिन हे मूळ पश्चिम आफ्रिकेतील एका फळातील प्रथिन. ते जिभेवर असता आंबट पदार्थ गोड लागतो. लिंबूवर्गातील त्याची भावंडे मात्र चवीशी संबंधित नसून सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक प्रथिनांच्या कुळातील आहेत. प्रथिने पचविणाऱ्या विकरांना अडविणे हे त्या कुळाचे वैशिष्ट्य.

ग्रेपफ्रूटच्या रोगी पानांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त व मँगनीज कमी आणि पोटॅशियम अधिक असल्याचेही याच अभ्यासांत दिसले. आमची चूक कोठे झाली हे येथे स्पष्ट होते. जस्ताची उणीव खोटी नव्हती, परंतु ती मूळ व्याधी नसून तिचा परिणाम होता. आम्ही उपद्रवाची चिकित्सा केली आणि व्याधी वाढत राहिली.

जंतूचे प्रत्युत्तर

झाडाने शस्त्रे काढली तर जंतू कसा टिकतो? कीटक आपली सुईसारखी सोंड थेट रसवाहिनीत खुपसतो व जंतूला तेथेच सोडतो. त्यामुळे पेशींच्या भिंती फोडण्याचे कष्ट जंतूला पडत नाहीत. पुढे तो स्वतःची काही प्रथिने झाडात सोडतो. त्यांपैकी दोन विशेष लक्षणीय आहेत.

पहिले विकर सॅलिसिलिक आम्लाचे विघटन करते. हे आम्ल आपणांस वेदनाशामक द्रव्यांच्या संदर्भात परिचित आहे. वनस्पतींत ते रोगाची वार्ता सर्वत्र पोहोचविणारे निरोप्याचे काम करते. निरोप्यालाच वाटेत गाठून जंतू प्रतिकार मंद करतो. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे प्रथिन झाडातील पपेनसदृश विकरांना निष्प्रभ करते. पपईच्या चिकातील पपेन आपल्या परिचयाचे आहे. त्याच जातीची विकरे लिंबूवर्गात संरक्षणाचे काम करतात, आणि जंतू नेमके तेच शस्त्र बोथट करतो. हे कार्य २०१८ मधील होय.

प्रतिकारच जेव्हा व्याधी होतो

या विषयातील सर्वांत विचारप्रवर्तक निष्कर्ष २०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठातील नियान वांग यांच्या गटाने मांडला. हा जंतू स्वतः विशेष विषारी नाही. रसवाहिनीतील प्रतिकार दीर्घकाळ, अखंडपणे चेतविला गेल्याने ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तेथे साचतात, वाहिनीच्या पेशी मरतात, कॅलोज वाढत जाते आणि रोगाची लक्षणे प्रामुख्याने यातून उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जिबरेलिन हे वृद्धिद्रव्य तसेच यूरिक आम्ल व रुटिन यांसारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये दिली असता पेशींचा नाश व लक्षणे कमी झाली. हा उपाय लक्षणांचा भार हलका करतो, जंतूचा समूळ नाश करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तुलनेसाठी खैऱ्या रोग

कागदी लिंबावरील खैऱ्या रोग सर्वांनी पाहिलेला आहे. पानांवर व फळांवर खडबडीत तपकिरी फोड येतात. त्याचा जंतू झँथोमोनस सिट्री हा वाहिनीत न शिरता पानाच्या गरात राहतो. क्यू येथील वनस्पतिसंग्रहात १८२७ ते १८३१ या काळात भारतात गोळा केलेल्या नमुन्यांवर या रोगाच्या खुणा असल्याचे १९३३ मध्ये दाखविण्यात आले. म्हणजे हा आपला जुना रहिवासी आहे. याची युक्ती निराळीच आहे. तो एक प्रथिन सुईसारख्या यंत्रणेतून झाडाच्या पेशीत टोचतो. ते प्रथिन केंद्रकात जाऊन झाडाचेच एक जनुक जागे करते. पेशी फुगतात, त्यांची संख्या वाढते, फोड फुटतो आणि जंतू पावसाच्या थेंबांबरोबर बाहेर पडतो. हे जनुक २०१४ मध्ये ओळखले गेले. एका जंतूने प्रतिकाराचा अतिरेक घडवावा आणि दुसऱ्याने झाडाकडूनच आपल्या सोयीची वाढ करवून घ्यावी, असा हा भेद आहे.

जातीजातींतील भेद

सर्व जाती सारख्या बळी पडत नाहीत. कुमक्वाट खैऱ्यास चांगले तोंड देते. ग्रीनिंगच्या बाबतीत मोसंबी अत्यंत हळवी, तर कलमांचे खुंट म्हणून आपल्याकडे वापरली जाणारी जंबेरी बरीच सोशिक आहे. जंबेरीतही जंतू असतो, परंतु वहन तितके अडत नाही व रसवाहिनी नव्याने तयार होत राहते. मात्र जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला म्हणजे संत्र्यास हे सामर्थ्य येते, असे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील बोटाच्या आकाराच्या रानलिंबात एक उष्णतेतही टिकणारे जंतुघ्न पेप्टाइड २०२१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी शोधले. २०२५ मध्ये चिनी संशोधकांनी दाखविले की, प्रतिकाराचे नियमन करणारे एक प्रथिन झाडाच्याच दुसऱ्या प्रथिनाकडून नष्ट केले जाते, आणि हा नाश रोखल्यास झाडाची ग्रीनिंगविरुद्धची क्षमता वाढते. ही दिशा आशादायक आहे.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात असा विचार आला आहे. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ केले : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. जंबेरीचा सोशिकपणा हा पहिल्या प्रकाराशी, तर कुमक्वाटचा खैऱ्याविरुद्धचा प्रतिकार दुसऱ्या प्रकाराशी ताडून पाहता येतो. त्याचप्रमाणे स्रोतोदुष्टीच्या चार प्रकारांपैकी 'संग' हा प्रकार रसवाहिनीच्या अवरोधास किती चपखल बसतो, हे सांगावयास नको. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात तर वृक्षांच्या रोगांचे वातज, पित्तज, कफज असे वर्गीकरणच केलेले आहे.

तथापि येथे आम्ही एक मर्यादा पाळू इच्छितो. साम्य दिसणे निराळे आणि एकत्व सिद्ध होणे निराळे. कॅलोज म्हणजे आम, किंवा पीपी-२ म्हणजे कफ, अशी समीकरणे मांडणे सोपे आहे. परंतु त्याने ना आयुर्वेदाचा गौरव वाढतो, ना झाड वाचते. आपल्या संज्ञा विचाराला दिशा देतात, निदानासाठी मात्र पानच तपासावे लागते. आमच्या रुग्णाच्या बागेने आम्हांस हा धडा दिला आहे.

व्यवहारासाठी काही सूचना

१. पानावरून व्यवच्छेद : जस्ताच्या उणिवेत पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये पिवळे-हिरवे डाग दोन्ही बाजूंस विषम असतात. हा भेद औषधी उद्यान राखणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

२. आयोडीनची चाचणी : पानात स्टार्च साचत असल्याने एक सोपी चाचणी शक्य होते. पानाचा पृष्ठभाग काचकागदाने घासून तो थोड्या पाण्यात खळबळावा व त्यात आयोडीनचे थेंब टाकावेत. द्रव गडद काळसर झाल्यास शंका बळावते. फांदीची साल सोलली गेल्यामुळेही स्टार्च साचू शकतो, म्हणून ही चाचणी अंतिम मानू नये. निश्चित निदान पीसीआर तपासणीनेच होते.

३. फळांची निवड : ग्रीनिंगग्रस्त संत्रे व मोसंबी लहान, एका बाजूस कललेली असतात, मधला दांडा वाकडा व बिया काळपट, अपुष्ट असतात. रंग देठाकडून चढतो व खालचा भाग हिरवा राहतो. रसात साखर कमी व लिमोनिनसारखी कडू द्रव्ये अधिक असतात. हा जंतू मनुष्यास बाधत नाही. परंतु ज्या द्रव्याचा रस, गुण आपण ग्रंथोक्त मानतो, त्याचा प्रत्यक्ष रसच पालटलेला असतो. आमच्या लहानशा निर्मितीत गळीची स्वस्त फळे घेण्याचा मोह आम्ही एकदा केला. रस चाखताच कडवट लागला व संपूर्ण घाणा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक खेपेतील रसाची चव, आम्लता व विद्राव्य घटक यांची नोंद आम्ही ठेवतो. औषधनिर्मात्यांनीही तशी नोंद ठेवावी.

४. फवारण्यांची चौकशी : खैऱ्यासाठी ताम्रयुक्त फवारण्या सर्रास होतात. फ्लोरिडात ग्रीनिंगसाठी ऑक्सिटेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक २०२२ पासून झाडाच्या खोडात टोचले जाऊ लागले. फळ घेताना कोणती औषधे केव्हा वापरली, हे बागायतदारास विचारणे गैर नव्हे. सालीचा उपयोग करावयाचा असल्यास ते अधिकच अगत्याचे.

५. औषधी उद्यान : सिट्रस सिला हा कीटक कढीलिंब व कुंती यांवरही पोसला जातो. आपल्यापैकी अनेकांच्या उद्यानांत ही झाडे लिंबाशेजारीच असतात. त्यांच्या कोवळ्या फुटीची नियमित पाहणी करावी. नवीन कलमे रस्त्यावरील विक्रेत्याकडून न घेता नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाहून रोगमुक्त असल्याची खात्री करून घ्यावीत. रोगी फांदीवरील डोळा हा रोग वाहून नेण्याचा हमखास मार्ग होय.

उपसंहार

ग्रीनिंग जडलेल्या झाडास आजमितीस समूळ बरे करणारा उपाय नाही. निरोगी कलम, कीटकाचे नियंत्रण आणि रोगी झाड वेळेवर काढणे, म्हणजे निदानपरिवर्जन, हाच मार्ग उरतो. प्रथिनांच्या अभ्यासाने त्यामागची कारणपरंपरा उलगडली, आणि झाड स्वतःच्याच अनावर प्रतिकाराने कसे खचते हेही दाखविले. चिकित्सकास यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्या बागायतदाराची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेत तपासून घेतलेली कलमे लावली आहेत. प्रकृती दाखविण्यास ते अजूनही येतात आणि कधीकधी सोबत एखादे पान आणतात. आता आम्ही ते उजेडात धरून दोन्ही बाजू ताडून पाहतो, आणि शंका आल्यास उत्तर न देता तपासणीस पाठवितो. आपणही तसेच करावे, ही नम्र विनंती.